सैनिकांच्या कुटुंबांसाठी क्लबने काय शिकावं, काय करावं: कार्यालयं, कागदपत्रं आणि वर्षभराचं काम

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला गावोगावचे रोटरी-लायन्स क्लब, तरुण मंडळं, महिला मंडळं माजी सैनिकांचा आणि वीरपत्नींचा सत्कार करतात. तो जरूर करावा. पण या कुटुंबांची खरी अडचण बहुतेक वेळा एखाद्या कागदात असते. हयातीचा दाखला चुकीच्या पर्यायाखाली भरला म्हणून पेन्शन थांबते. फौजेच्या दप्तरात पत्नीचं नाव माहेरचं आणि आधारवर सासरचं, म्हणून कुटुंब निवृत्तिवेतन अडकतं. मुलीची शिष्यवृत्ती मुदत उलटली म्हणून जाते. अशा कामाला पैसा फारसा लागत नाही. माहिती असलेली, टिकून राहणारी चार-सहा माणसं लागतात, आणि ती कोणत्याही क्लबात तयार होऊ शकतात. पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या क्लबासाठी आहे.

कोणाचं घर, कोणतं दार

पहिली गफलत इथेच होते. ‘फौजी’ म्हटलं की सगळ्यांना एकाच कार्यालयात पाठवलं जातं, आणि अर्धी माणसं हेलपाटा मारून परत येतात.

सेवेत असलेल्या जवानाचं काम त्याच्या युनिटमध्ये आणि त्याच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसात होतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला. नौदलाच्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला. लग्न, मुलांचा जन्म, नावातली दुरुस्ती हे सगळं जवानाने युनिटमध्ये अर्ज देऊन ‘पार्ट टू ऑर्डर’ने, म्हणजे युनिटच्या लेखी आदेशाने, नोंदवून घ्यायचं असतं. घरच्यांनी किंवा क्लबने बाहेरून कितीही पत्रं लिहिली तरी ती नोंद होत नाही.

माजी सैनिक, त्यांच्या विधवा आणि वीरपत्नी यांच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. ओळखपत्र, केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदतीचे अर्ज, मुलांच्या प्रवेशाचे दाखले, वसतिगृह ही कामं तिथे होतात. पेन्शन ‘स्पर्श’ या प्रणालीतून येते आणि तिचा कारभार प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयाकडे आहे. उपचारांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. ही योजना २००३ पासून चालू आहे आणि ती निवृत्तांसाठी आहे. सेवेतल्या जवानाची पत्नी, मुलं लष्करी रुग्णालयात जातात.

सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, सीआयएसएफ, आयटीबीपी ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात. त्यांच्या कुटुंबांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या योजना लागू होत नाहीत. त्यांची कामं त्या त्या दलाच्या ग्रुप सेंटरमार्फत आणि गृह मंत्रालयाच्या कल्याण व पुनर्वसन मंडळामार्फत होतात. गावाला हा फरक दिसत नाही, कारण दोघांच्याही घरात दुःख तेच असतं. क्लबला मात्र तो पाठ हवा.

अग्निवीरांचं प्रकरण वेगळं आहे. २०२२ च्या योजनेप्रमाणे सेवा ४ वर्षांची, जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम. पेन्शन नाही. सेवेत असताना ४८ लाखांचा विमा असतो आणि शेवटी सेवा निधीची एकरकमी रक्कम मिळते. पहिल्या तुकड्यांची ४ वर्षं २०२६ च्या अखेरीस भरू लागतात. विशीतल्या मुलाच्या खात्यात एकदम मोठी रक्कम आली की गाडी, बंगला आणि जमीन दाखवणारे दलाल आधी पोहोचतात. त्यांच्या आधी एखाद्या जाणत्या बँक अधिकाऱ्याची आणि त्याची गाठ घालून द्या.

शिकायची बैठक

आधी क्लबच्या दोघांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन कल्याण अधिकाऱ्यांना भेटावं, लेटरहेडवर पत्र द्यावं आणि कल्याण संघटकांना बैठकीला बोलवावं. संघटक हे स्वतः माजी सैनिक असतात, तालुक्यात फिरतात आणि कोणत्या घरात काय अडलंय हे त्यांना ठाऊक असतं. दुसरा वक्ता म्हणून क्लार्क ट्रेडमधून निवृत्त झालेला सुभेदार किंवा हवालदार शोधा. पार्ट टू ऑर्डर ज्याने स्वतः वर्षानुवर्षं लिहिल्या तो माणूस इथे कोणत्याही मोठ्या हुद्द्यापेक्षा उपयोगी.

दीड तास पुरे. २० मिनिटं कार्यालयांची ओळख, ४० मिनिटं कागद वाचायला शिकणं, उरलेला वेळ प्रश्नांना. कागद वाचायला म्हणजे खरोखर हातात घेऊन: नाव-नंबर झाकलेली पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, डिस्चार्ज बुकाची (निवृत्तीवेळी मिळणाऱ्या सेवेच्या पुस्तिकेची) पानं, ईसीएचएस कार्ड. पीपीओवर पत्नीचं नाव कुठे छापलेलं असतं, जन्मतारीख कुठे, कुटुंब निवृत्तिवेतनाचा दर कुठे, हे प्रत्येकाला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. संघटकांना तीन प्रश्न नक्की विचारा: तालुक्यात हयातीचा दाखला न भरल्यामुळे पेन्शन थांबलेले किती जण आहेत, नावातल्या तफावतीची किती प्रकरणं पडून आहेत, आणि मागच्या वर्षी कोणत्या योजनेला सर्वांत कमी अर्ज आले. उत्तरांवरून वर्षाचं काम ठरतं.

वीरपत्नींना या बैठकीला बोलवायचं असेल तर सल्लागार म्हणून बोलवा. ‘तुमच्यावर काय प्रसंग आला ते सांगा’ असं कोणाही बाईला चारचौघांत सांगायला लावू नये.

घरांची यादी

यादी करताना घरच्यांची संमती घ्या आणि मोजकंच लिहा: संपर्काचं नाव, गाव, फोन, कुटुंबाचा प्रकार, अडलेलं काम. सेवेतल्या जवानाचं युनिट, नेमणुकीचं ठिकाण, सुट्टीच्या तारखा, कोणत्या गाडीने येतो-जातो हे लिहायचं नाही, विचारायचंही नाही. क्लबच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आपला अमका सध्या तमक्या सेक्टरला’ असा मजकूर कौतुकानेच टाकला जातो. तो लगेच काढायला लावा. युनिटचा फलक किंवा शस्त्र दिसणारे फोटोही नकोत. यादीची एकच प्रत असावी, ती सचिवाकडे कुलूपबंद. पीपीओ, आधार, बँक पासबुक यांचे फोटो स्वयंसेवकांच्या फोनमध्ये राहता कामा नयेत. पेन्शनधारकांना ‘स्पर्शमधून बोलतोय, ओटीपी सांगा’ असे फोन येतात. तुमच्या हातून कागद बाहेर गेला तर फसवणाऱ्याचं काम सोपं होतं. फसवणूक झालीच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार करायची.

नावं जुळवणं

सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यांत जास्त घरांचं भलंही इथेच होतं.

आपल्याकडे तफावत ठरावीक पद्धतीने येते. लग्नात पत्नीचं नाव बदलतात. पार्ट टू ऑर्डरमध्ये ‘पार्वती’, आधारवर ‘सुनंदा’. एका कागदावर ‘सुशीला’, दुसऱ्यावर ‘सुशीलाबाई’. आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी, कुठे गाळलेलं. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून, आधारवर १ जानेवारी. नवरा हयात असेपर्यंत यातलं काहीच टोचत नाही. तो गेल्यावर त्याच बाईला आपणच त्याची पत्नी आहोत हे सिद्ध करत फिरावं लागतं.

म्हणून प्रत्येक घरासाठी एक पान आखा. डाव्या बाजूला कागद: पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार, पॅन, बँक पासबुक, ईसीएचएस कार्ड, लग्नाचा दाखला. उजवीकडे तीन रकाने: पती, पत्नी, जन्मतारीख. प्रत्येक कागदावर जसं छापलंय तसंच, अक्षर न अक्षर उतरवा. फरक असेल तिथे लाल गोल.

मग कोणता कागद बदलायचा ते ठरवा. घाईने आधार केंद्रावर पाठवू नका. आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. ती संधी चुकीच्या दुरुस्तीत गेली की पुढे फार त्रास होतो. साधारण नियम असा धरा: फौजेच्या दप्तरातलं नाव बरोबर आणि इतर बहुतेक कागदांशी जुळणारं असेल तर आधार बदला, दप्तरातच चूक असेल तर दप्तर दुरुस्त करून घ्या. जवान सेवेत असेल तर तो युनिटमधून करेल. निवृत्त असेल तर अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला जातो आणि तिथून सहसा प्रतिज्ञापत्र व वर्तमानपत्रातली जाहिरात मागतात. त्या रेकॉर्ड ऑफिसचा नमुना आधी मिळवा, मगच स्टॅम्प पेपर घ्या. वेगळ्या मजकुराचं प्रतिज्ञापत्र परत येतं आणि खर्च वाया जातो.

जुन्या पीपीओवर पत्नीचं नावच नसतं, असंही आढळतं. निवृत्त सैनिक हयात असताना जॉइंट फोटोसह अर्ज करून ते चढवून घेणं तुलनेने सोपं आहे. सत्तरीच्या पुढच्या माजी सैनिकांची पानं आधी तपासा.

सुट्टीवर आलेल्या जवानासोबत अर्धा तास बसलात तर पुढची कित्येक वर्षं वाचतात. त्याला पाच गोष्टी विचारा: लग्नाची पार्ट टू ऑर्डर झाली का, प्रत्येक मुलाची झाली का, ग्रुप इन्शुरन्सला वारस म्हणून आज कोणाचं नाव आहे, पगाराच्या खात्याला नॉमिनी आहे का, आणि हे सगळं पत्नीला माहीत आहे का. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर आईवडिलांचं नाव तसंच राहिलेलं असतं. कोणाचं नाव ठेवायचं तो त्याचा निर्णय, पण तो विचार करून घेतलेला असावा.

नोव्हेंबरचं शिबिर

हयातीच्या दाखल्याचं शिबिर नोव्हेंबरमध्ये, दिवाळीची गर्दी टाळून ठेवा. एका दिवसात ४० ते ४५ घरांपेक्षा जास्त बोलवू नका. एका माणसामागे २० ते २५ मिनिटं लागतात, म्हणजे एक टेबल पाच तासांत बारा जणांचं काम करतं. चार टेबलं, प्रत्येकी दोन स्वयंसेवक, शिवाय दाराशी नोंदणीला एक आणि झेरॉक्सला एक. वेळा वाटून द्या: गावनिहाय, तासाला आठ-नऊ जण. सगळ्यांना दहा वाजता बोलावलं की ऐंशीच्या घरातली माणसं दुपारपर्यंत ताटकळतात.

जागा तळमजल्यावरची, स्वच्छतागृह जवळ असलेली. चार लॅपटॉप, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे हॉटस्पॉट, वीज गेली तर बॅटरीवर चालणारा प्रिंटर किंवा जनरेटर, ठसे घेणारी दोन एल-वन प्रकारची यंत्रं (जुनी एल-झीरो यंत्रं चालत नाहीत) आणि चेहऱ्यावरून ओळख पटवण्यासाठी चांगल्या कॅमेऱ्याचे दोन अँड्रॉइड फोन. या फोनवर जीवन प्रमाण (ऑनलाइन हयातीचा दाखला काढण्याचं) आणि आधार फेस आरडी (चेहरा ओळखण्याचं) ही दोन्ही ॲप आदल्या दिवशीच टाकून चालवून बघा. शेतात राबलेल्या बोटांचे ठसे बऱ्याचदा उमटत नाहीत. तीन प्रयत्नांनंतर हट्ट सोडा आणि चेहऱ्याची पद्धत वापरा, उजेड समोरून येईल असं बसवून.

बोलावण्याच्या निरोपातच कागद सांगा: आधार, आधारला जोडलेला मोबाईल सोबत, पीपीओ, बँक पासबुक. मोबाईल मुलाकडे पुण्याला असतो आणि ओटीपी तिकडे जातो; त्या मुलाला त्या वेळेत फोन उचलायला सांगून ठेवा.

सर्वांत महागात पडणारी चूक एका पर्यायाची आहे. पेन्शन स्पर्शवर आलेली असताना जीवन प्रमाणमध्ये वाटप करणारी संस्था म्हणून जुनी बँक निवडली जाते. दाखला तयार होतो, प्रमाण क्रमांकही मिळतो, पण तो भलतीकडे जातो आणि पेन्शन थांबते. मंजुरी देणारं कार्यालय म्हणून संरक्षण विभागाचं प्रयागराज (यादीत अजून अलाहाबाद दिसतं) आणि वाटप करणारी संस्था म्हणून स्पर्श, अशी निवड झाल्याची खात्री दुसऱ्या स्वयंसेवकाने मोठ्याने वाचून करावी. पावती छापून द्या. आठवडाभराने स्पर्शवर दाखला स्वीकारला गेलाय का ते पाहून घरी फोन करा. या फोनाशिवाय शिबिर पूर्ण झालं असं धरू नका.

जे चालू शकत नाहीत त्यांच्या घरी शिबिरानंतरच्या रविवारी फोन घेऊन जा.

मुलांचं शिक्षण

इथे तारखांना धरून राहणारा एकच माणूस नेमा. बारावीनंतर व्यावसायिक पदवीला गेलेल्या माजी सैनिकांच्या आणि विधवांच्या मुलांना पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळते: मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये, बारावीला किमान ६० टक्के हवेत. सेवेत असलेल्यांच्या मुलांना ती नाही. अर्ज भरल्यावर हे कळलं की घरचे फार हिरमुसतात, म्हणून आधीच सांगा. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांच्या दोन मुलांपर्यंत केंद्रीय सैनिक बोर्डाचं शिक्षण अनुदान आहे. मुलींच्या लग्नासाठी, आणि पेन्शन नसलेल्या ६५ वर्षांवरील माजी सैनिकांसाठी व विधवांसाठी वेगळी मदत आहे. या तिन्हींच्या रकमा नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना दुप्पट झाल्या: शिक्षणाला महिना २,०००, लग्नाला एक लाख, वृद्धांना महिना ८,०००. जुन्या पत्रकावरून सांगणारे अजून निम्मीच रक्कम सांगतात.

इंजिनिअरिंग वगैरेच्या राज्य प्रवेशात संरक्षण दलाच्या मुलांसाठी जागा राखीव असतात; माजी सैनिकांची मुलं डेफ-१ मध्ये, सेवेतल्यांची डेफ-२ मध्ये. ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र कागद तपासणीच्या आधी हातात लागतं. सेवेतल्या वडिलांकडून ते पोस्टाने यायला वेळ लागतो, म्हणून बारावीचा निकाल लागायची वाट न बघता एप्रिलमध्येच मागवायला लावा.

ग्रामपंचायतीच्या घरपट्टीतून माजी सैनिकांना आणि विधवांना सूट देण्याची राज्याची योजना २०२० पासून आहे. बऱ्याच घरांनी अर्जच केलेला नसतो. हे एका फेरीत होणारं काम आहे, पहिल्या महिन्यात करून टाका.

बांध, वाटण्या आणि कोर्ट

जवान सीमेवर आणि इकडे भावकीने बांध कोरला, ही तक्रार प्रत्येक तालुक्यात आहे. क्लबने पंच व्हायचं नाही. दोन रस्ते दाखवायचे. एक, जवानाने कमांडिंग ऑफिसरमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवायचं. त्याची प्रत सैनिक कल्याण कार्यालयाला आणि तहसीलदारांना. दुसरा, कोर्टात दावा असेल आणि जवान युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीतल्या नेमणुकीवर असेल तर १९२५ चा भारतीय सैनिक दाव्यांबाबतचा कायदा सुनावणी पुढे ढकलण्याची सोय देतो. बाजू मांडायला कोणी नाही म्हणून एकतर्फी निकाल लागू नये, हा त्याचा हेतू. घरी नोटीस आली की ती कोनाड्यात ठेवली जाते आणि मुदत टळते. नोटीस ज्या दिवशी आली त्याच दिवशी तिचा फोटो जवानाला गेला पाहिजे. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि जुलै २०२५ पासून सैनिकांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजनाही आहे.

मागे राहिलेल्या घरात

फिल्ड पोस्टिंग म्हणजे पत्नी, सासू-सासरे आणि मुलं गावात, आणि फोन लागेल तेव्हा लागेल. क्लबने अशा प्रत्येक घराला दोन माणसं जोडून द्यावीत, त्यातली एक बाई असलीच पाहिजे. रात्री दवाखान्याला गाडी, गॅस, मोटार जळाली तर वायरमन, शाळेतली पालकसभा, एवढंच काम. पुरुष कार्यकर्त्यांनी एकट्याने वरचेवर जाऊ नये. गाव बोलतं आणि त्रास त्या बाईला होतो.

घरात गंभीर आजारपण आलं आणि जवानाला बोलवायचं असेल तर डॉक्टरांच्या लेटरहेडवरचं पत्र घ्या. रुग्णाचं जवानाशी नातं, आजार, दाखल केल्याची तारीख, जवानाची उपस्थिती का हवी, सही-शिक्का. त्याचा फोटो युनिटच्या दिलेल्या क्रमांकावर जाऊ द्या. खोटं किंवा वाढवून लिहिलेलं पत्र कधीही मिळवून देऊ नका. एकदा ते उघडं पडलं की पुढच्या खऱ्या वेळी सुट्टी अडते.

मन खचलेलं असेल, झोप उडाली असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेशी १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक शिबिराच्या पावतीमागे छापा.

जवान गेल्यावर

पहिल्या दिवशी प्रशासन, पोलीस आणि युनिटची माणसं असतात. क्लबने तहसीलदारांना विचारून कामं वाटून घ्यावीत: वाहनांची जागा गावाबाहेर, पिण्याचं पाणी, सावली, फिरतं स्वच्छतागृह, डॉक्टर आणि घरातल्या बायकांसाठी कॅमेरे न पोहोचणारी एक खोली. फ्लेक्सवर क्लबचं नाव नको. तेराव्यापर्यंत कोणत्याही रकमेची घोषणा करू नका आणि घरच्यांकडून कशावरही सही घेऊ नका.

त्यानंतर कागद सुरू होतात. कुटुंब निवृत्तिवेतनाचा दर मृत्यूच्या कारणावर ठरतो: साधारण प्रकारात शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, सेवेमुळे मृत्यू आल्यास ६० टक्के, युद्धात किंवा दहशतवाद्यांशी लढताना आल्यास १०० टक्के. सेवेत मृत्यू झाला तर साधारण प्रकारचं कुटुंब निवृत्तिवेतनही पहिली १० वर्षं ५० टक्के दराने मिळतं. त्यामुळे युनिटच्या चौकशी अहवालात कारण काय नोंदलं गेलं ते घरच्यांना माहीत असायला हवं. ग्रुप इन्शुरन्स, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी रेकॉर्ड ऑफिसकडून; राज्य सरकारची मदत जिल्हाधिकारी आणि सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. बँकेचं संरक्षण पगार खातं असेल तर त्यावर अपघाती विमा असतो, आणि त्याचा दावा बँकेकडे वेगळा, मुदतीत करावा लागतो. तो कोणी आपण होऊन सांगत नाही. शाखेत पहिल्या महिन्यातच विचारा.

सून आणि सासू-सासरे यांच्यात पैशावरून ताण येणं हे नेहमीचं आहे. दोघांचंही माणूस गेलेलं असतं. कोणती रक्कम कायद्याने कोणाची, हे कल्याण अधिकाऱ्यांकडून दोन्ही बाजूंना एकत्र बसवून सांगवा आणि क्लबने मत देऊ नये. गावच्या पुढाऱ्याने दिलेला ‘निम्मे-निम्मे लिहून द्या’ असा सल्ला ऐकून सही केलेल्या बाईला पुढे फार जड जातं. स्टॅम्प पेपर समोर आला तर विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने वाचल्याशिवाय सही नको, एवढं मात्र ठामपणे सांगा.

आणि पहिल्या वर्षानंतरही जात राहा. पंधरा वर्षांपूर्वीच्या वीरपत्नीकडे आता कोणी फिरकत नाही, आणि तिच्या मुलाचा बारावीचा फॉर्म याच वर्षी असतो.

निधी

७ डिसेंबर हा १९४९ पासून सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. निधी जमवायचा तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी बोलून, त्यांच्या पावतीवर, थेट ध्वजदिन निधीत. क्लबच्या खात्यात ‘सैनिकांसाठी’ म्हणून पैसे घेऊ नका. हिशेबावरून शंका निघाली तर वर्षभराचं काम पाण्यात जातं. शिबिराचा खर्च क्लबने स्वतःच्या वर्गणीतून करावा. झेरॉक्स, कागद, चहा-नाश्ता, हॉटस्पॉटचं रिचार्ज, प्रिंटरची शाई एवढाच तो असतो, आणि त्याची वही बैठकीत सगळ्यांसमोर वाचावी.